मंगळवारचं डोकं

नानाजींचं डोकं फक्त मंगळवारी दुखायचं. डोक्याला कुठं वार कळतो, असं कुणी म्हणेल. नानाजींच्या डोक्याला कळायचा. सोमवारी रात्री ते ठणठणीत झोपत, मंगळवारी ठणठणीत उठत, आणि दहा-अकराच्या सुमाराला डाव्या भुवईच्या मागं कुणीतरी हळूच टकटक सुरू करी. दुपारपर्यंत त्या टकटकीचे घाव होत. मग उजेड सोसवत नसे, शेजारच्या लीलाबाईंनी फोडणी दिली तरी पोटात ढवळून येई. आतल्या खोलीत बायकोचं जुनं लुगडं कपाळाला आवळून नानाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. बुधवारी दुकान उघडलं की तास-दीड तासात सगळं साफ. लोकांना खरं वाटत नसे आणि त्यांना पटवून द्यायचाही नानाजींना कंटाळा आला होता.

श्यामजी पंताच्या तळेगावात, बाजाराच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. खाली गादी, मागं फळ्यांवर लुगडी, धोतरं, खणांचे गठ्ठे आणि गादीवर नानाजी. गिऱ्हाईक टेकलं की त्यांचा हात आपोआप वर जायचा आणि समोरच्या टपरीतून रामाजी कपबशा घेऊन निघायचा. गिऱ्हाइकापुढं कप ठेवायचा आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे त्या गादीला मंजूर नव्हतं. माणसाला एकट्यानं चहा पिऊ द्यायचा नाही, हे नानाजींच्या बापानं त्यांना मीटर धरायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं खटलं आलं, तर पहिल्या लुगड्याला एकदा आणि शेवटच्या उपरण्याला एकदा. नानाजी बोलत, मापत, हसत आणि लोकांच्या घोटाला घोट देत. गाव त्यांच्यावर खूश होतं. घरच्या माणसाला मात्र त्यांच्या वेळातलं फारसं काही मिळालं नाही, हेही सांगून टाकलेलं बरं.

घरचं माणूस म्हणजे रुख्मिणी. एकुलती एक मुलगी रुचिका लग्न होऊन वर्ध्याला गेल्यावर ती घरात एकटीच उरली. मंगळवारी गल्ली बंद असे, पण नानाजी त्या दिवशीही घरी सापडत नसत. कधी माल आणायला अमरावती, कधी अर्धं शटर पाडून आत गठ्ठे लावायचं काम. ती म्हणायची, "दुनिया तुमच्या गादीवर येऊन बसते. मले कधी घटकाभर जवळ बसोता काय?" नानाजी म्हणायचे, "बसू वं, बसू." आणि २००१ च्या दिवाळीनंतर तापाचं निमित्त होऊन ती चार दिवसांत गेली. बसायचं राहून गेलं.

दहाव्याला वर्धा नदीच्या काठावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर तीन-चार बसले होते, खाली एकही उतरेना. ऊन चढलं. माणसं कुजबुजू लागली, बाईचं कशात तरी मन अडकलं आहे. तिच्या भावानं हात जोडून सांगितलं, "रुचिकाचं माहेर तुटू देणार नाई." कावळे हलले नाहीत. जावयानं काही सांगितलं, नणंदेनं काही सांगितलं. शेवटी सगळे नानाजींकडे बघायला लागले. नानाजी पिंडापुढं वाकले, धोतराचा सोगा तोंडाला लावला आणि हळूच बोलले, "मंगळवारी घरी राईन. दिवसभर. दुकानाचं नाव काढणार नाई." ते सरळ उभे राहतात न राहतात तोच एक कावळा झपकन उतरला आणि पिंडावर चोच मारून गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नानाजींना मात्र तिथंच रडू कोसळलं, कारण इतकं साधं मागणं तिनं मरून मागावं याची त्यांना लाज वाटली.

ज्या माणसानं आयुष्यात बोटभर कापड कमी मापलं नाही, तो कावळ्याला दिलेला शब्द काय मोडणार? तेरवी झाली आणि पहिल्याच मंगळवारी नानाजी घरी राहिले. लीलाबाईंकडून डबा येई, त्यामुळं चूल पेटवायचा प्रश्न नव्हता. रुख्मिणीचा गॅस तसाच झाकून ठेवलेला. ओसरीत बसले, आत गेले, पुन्हा ओसरीत आले. घरात करायचं काय असतं, हे त्यांना कधी माहीतच नव्हतं. अकरा वाजता डोकं दुखायला लागलं. रडून रडून दुखत असेल, असं त्यांना वाटलं. पुढच्या मंगळवारी ते रडले नव्हते, तरी दुखलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्यांनी ओकारी काढली.

मग सुरू झाली दवाखान्यांची वारी. गावातले सदाशिवराव डॉक्टर म्हणजे शाळेपासूनचे ओळखीचे. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "तंबाखू?"

"नाई."

"दारू?"

नानाजींनी कानाच्या पाळ्यांना हात लावला.

"चहाची सवय?"

"बायको गेल्यापासून चहाचा त घरात डबाई नाई, डॉक्टरसाहेब," नानाजींनी सांगितलं आणि ते अगदी खरं होतं.

चष्म्याचा नंबर बदलून झाला. सायनसचा फोटो झाला. नाकात तेल सोडून झालं. गोळ्यांनी पोटात आग पडे, डोकं जिथल्या तिथं. रुचिकानं वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन मेंदूचा स्कॅनही करवला. तिथली गंमत अशी, की रुख्मिणीची मनात माफी मागून स्कॅनसाठी मुद्दाम मंगळवार धरला होता, आणि त्याच मंगळवारी डोक्यानं हूं की चूं केलं नाही. तळेगावच्या स्टँडवर ओळखीचा वाहतूकदार भेटला, वर्ध्याच्या स्टँडवर एक जुनं गिऱ्हाईक भेटलं, दोघांनीही कँटीनमध्ये ओढलं. लेकीच्या घरी पोचले तर तिच्या सासूनं आग्रह केला. दिवसभर नानाजी ताजेतवाने. डॉक्टर म्हणाले, मेंदू अगदी स्वच्छ आहे. नानाजी परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पडायचा त्याच्या अगदी उलट्या बाजूला पडला, ही गोष्ट निराळी.

घराबाहेर पडलं की दुखत नाही. घरात राहिलं की दुखतं. म्हणजे दुखणं डोक्यात नाही, घरात आहे. आणि घरात कोण आहे?

ती रागावली आहे. जितेपणी बसला नाहीत, आता कावळ्याच्या धाकानं बसता होय? असंच ती म्हणत असणार. नानाजींना हे पटलं आणि एकदा पटल्यावर ते सगळीकडे जुळायला लागलं. त्यानंतर मंगळवारी दुखणं सुरू झालं, की ते लुगडं कपाळाला बांधून भिंतीशी बोलू लागले. आधी नुसतं, "बस कर वं रुख्मिणी, डोकं फुटून राह्यलं." मग माफी. मग माफी संपली तरी बोलणं संपेना. दुकानात कोण आलं, कुणाच्या पोरीचं कुठं जुळलं, आर्वीच्या कोणत्या व्यापाऱ्यानं कसा माल गळ्यात मारला, सगळं. लग्नाच्या बत्तीस वर्षांत तिच्याशी बोलले नसतील इतकं ते डोकं दाबत दाबत बोलले. ती उत्तर म्हणून एक घाव घालायची. नानाजी कण्हायचे आणि पुढं सांगायचे.

असं दीड-दोन वर्षं चाललं. पण माणसाचं शरीर किती सोसणार? मंगळवार जवळ आला की सोमवारी संध्याकाळपासूनच नानाजींना जेवण जाईना. वजन उतरलं. अखेर त्यांनी ठरवलं, घर विकायचं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत खाट टाकायची. शब्द घरी राहायचा दिला होता. घरच नसलं तर शब्दही नसला, असा त्यांनी पळवाटीचा हिशेब केला आणि त्या हिशेबाची त्यांना मनातून घृणाही आली. आनंदराव मास्तर घर शोधतच होते. सोमवारी इसार करायचा ठरला. रुचिकाला फोनवर सांगितलं तर ती रडायला लागली.

"बाबा, आई गेली. आता घरबी इकता. मी येऊ कुठं?"

"दुकानात येजो बेटा."

"दुकान काय माहेर असते काय?"

"मले काय हौस हाय? तुही माय मले तिथं राहू देऊन नाई राह्यली," नानाजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

इसाराच्या आधीचा शनिवार. रामाजीची टपरी बंद होती. त्याच्या पोरीचं, चंचलचं, रोहण्याला लग्न होतं आणि तो शुक्रवारी संध्याकाळीच बिऱ्हाड घेऊन गेला होता. नवरीचं लुगडं नानाजींनीच दिलं होतं, पण सोमवारच्या इसाराच्या धास्तीत त्यांचं जाणं झालं नाही. गिऱ्हाइकं येत होती. नानाजींचा हात सवयीनं वर जायचा आणि समोरची बंद फळी बघून खाली यायचा. बसस्टँडवर दुसरी टपरी होती, पण तिथून चहा बोलावणं म्हणजे रामाजीशी बेइमानी. पोरीच्या लग्नाला गेलेल्या माणसाच्या पाठीमागं त्याचं गिऱ्हाईक फोडायचं, हे नानाजींच्या जिवाला बरं वाटेना. त्यांनी लोकांना पाणी दिलं, सुपारी दिली, माफी मागितली.

दुपारी एका बाईला हिरवं लुगडं उलगडून दाखवता दाखवता डाव्या भुवईच्या मागं टकटक झाली.

नानाजींचे हात जागीच थांबले. शनिवार होता. दुकान होतं. बाई म्हणत होती, "काठ दाखवा न जी," आणि नानाजींना ऐकूच येईना. त्यांनी बाईला उद्या यायला सांगितलं, शटर अर्धं ओढलं आणि गठ्ठ्यांच्या मधोमध बसकण मारली. पहिली वाटली ती भीती. आता कुठंच सुटका नाही. पण भीतीच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं आणि ते काय आहे हे कळल्यावर नानाजी ओशाळले. त्यांना बरं वाटलं होतं. सगळ्या संसारात रुख्मिणी दुकानात पाच-सहा वेळा आली असेल, तीही उंबऱ्यापाशी उभी राहून निरोप देऊन परत जायची.

"इथंबी आली काय तू?" नानाजी अंधारात पुटपुटले. "ये. बस."

शनिवारची रात्र आणि रविवारचा दिवस त्यांनी दुकानातच काढला. असं दुखणं कधी दुखलं नव्हतं. मंगळवारचं बुधवारी उतरायचं, हे उतरायचं नाव घेईना. रविवारी दिवस कलताना शटर वाजलं. रामाजी होता, कपाळावर अजून लग्नातला गुलाल, हातात बुंदीची पुडी.

"सेठ! काऊन असे पडले?"

"डोकं."

"आज त मंगळवार नाई."

"नाई."

रामाजीला यातलं काही कळत नव्हतं आणि त्यानं कळल्याचं सोंगही आणलं नाही. "थांबा, चहा मांडतो. दोन दिवस झाले, म्या बी धड पेलो नाई. लग्नघरचा चहा म्हंजे नुसतं गोड पाणी," असं बडबडत त्यानं टपरी उघडली. थोड्या वेळानं कप आला. नानाजींना वासानं मळमळलं, पण पोरीचं लग्न करून आलेल्या माणसाला एकट्यानं कसं पिऊ द्यायचं, म्हणून त्यांनी डोळे मिटून तो घशाखाली घातला. रामाजी लग्नातलं सांगत राहिला, वरात कशी उशिरा आली, व्याही कसा वरणावरून रुसला. त्यानं दुसरा कप भरला. तोही गेला.

व्याह्याचा रुसवा निघेपर्यंत नानाजींचं डोकं उतरलं होतं.

ते उठून बसले. कपाळाचं फडकं सोडलं. समोर रिकामा कप होता. नानाजींनी एकदा कपाकडे पाहिलं, एकदा टपरीकडे, आणि मग बराच वेळ कुठंच नाही. धंद्यातला माणूस होता. दोन वर्षांचे मंगळवार त्यांच्या मनात एकेक करून उलगडत गेले आणि प्रत्येकाला तोच काठ निघाला.

"काय झालं, सेठ?" रामाजीनं विचारलं.

"काई नाई," नानाजी म्हणाले. "चहा चांगला झाला."

सोमवारी सकाळी ते सदाशिवराव डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"नानाजी, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, चहाची सवय आहे का!"

"थो चहा माहा नोता जी," नानाजी म्हणाले. "थो गिऱ्हाइकाचा होता."

डॉक्टर हसत सुटले, हसण्याजोगंच होतं. मग त्यांनी नीट समजावलं. सहा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत शरीराला चहा मिळतो, सातव्या दिवशी एकाएकी थेंब नाही. मग डोक्यातल्या शिरा फुगतात आणि ठणकतात. यात बाहेरचं काही नाही, आतलंही काही नाही. हळूहळू कमी करा, आणि तोवर मंगळवारी उठल्याबरोबर एक कप घरी करून घ्या. "इतकं सोपं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला न," नानाजी म्हणाले.

आनंदराव मास्तरांकडे जाऊन त्यांनी हात जोडले. घराचा कसूर नव्हता, विकता येत नाही, एवढंच सांगितलं. मास्तर भला माणूस, थोडा हिरमुसला पण भांडला नाही. रुचिकाला फोन केला. ती हसली, रडली, बापाला वेडा म्हणाली आणि लीलाबाईंना निरोप देऊन चहापत्ती, साखर, दूध सगळं घरात आणून ठेवायला लावलं. सगळ्यांना आनंद झाला होता. नानाजी दुकानात न जाता भर दुपारी घरी आले.

कुलूप काढून ते आतल्या खोलीत उभे राहिले. डोकं शांत होतं.

"रुख्मिणी?" त्यांनी हाक मारली.

खुंटीवर लुगडं होतं. भिंत होती. ओ दिल्यासारखं वाटावं असंसुद्धा काही तिथं नव्हतं. दोन वर्षं नानाजींना वाटत होतं, बायको रागावली आहे. ती रागावली नव्हती. ती नव्हतीच. दहाव्याच्या दिवशी नदीवर जितकी गेली होती तितकीच गेलेली होती, आणि हे सगळं बोलणं त्यांनी चुन्याच्या भिंतीला ऐकवलं होतं. रागावलेल्या बायकोबरोबर माणूस राहू शकतो. अर्धं गाव राहतं. नानाजी खाटेच्या कडेवर बसले आणि नदीवर रडले नव्हते तितके रडले.

रडता रडता त्यांना एक जुनी संध्याकाळ आठवली. एक म्हणजे कितीतरी. दुकान बंद करून घरी आलं, की रुख्मिणी चहा पुढं करायची, दोन कप, एक स्वतःसाठी राखून ठेवलेला. नानाजी हात हलवायचे, "नको वं, दुकानात लई झाला." ती काही न बोलता दोन्ही कप आत न्यायची. एकदाच बोलली होती, "दुनियेसंग पेता. माह्यासंगच तुमचं पोट भरते." कावळ्याला हे सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

मंगळवार उजाडला. लीलाबाईंनी हाक मारून विचारलं, "भाऊजी, चहा केला काय? डॉक्टरनं सांगतलं हाय न!"

"करतो, करतो," नानाजी म्हणाले.

त्यांनी गॅसवरचं झाकण काढलं, भांडं ठेवलं, पाणी ओतलं. काडी हातात घेतली आणि तशीच पुन्हा पेटीत घातली. ओसरीत येऊन बसले. ऊन पायरीपर्यंत आलं, मग उंबऱ्यापर्यंत. अकराच्या सुमाराला डाव्या भुवईच्या मागं हळूच टकटक झाली.

नानाजींना सगळं माहीत होतं. शिरा फुगतात, डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. बाहेरचं काही नाही, आतलंही काही नाही.

"आली काय?" ते म्हणाले आणि थोडे सरकून बसले.

मग त्यांनी तिला चंचलच्या लग्नाचं सांगितलं, व्याही वरणावरून कसा रुसला ते. घर विकत नाही, हे सांगितलं. रुचिका वेडा म्हणाली, तेही सांगितलं. घाव वाढत गेले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ते बोलत राहिले. डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा भिंत धरत उठले. "चहा मांडतो आता," ते म्हणाले. "तू बस. आज आपण संगच पेऊ."

चहा झाला. नानाजींनी तो ओसरीत आणला. आयुष्यभर घाईघाईनं, दुसऱ्याच्या घोटाला घोट देत प्यायलेला माणूस. आज पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवून दिला. हा संपला, की ती उठून जाणार होती. पुढच्या मंगळवारपर्यंत. त्यांनी दुसरा घोट घ्यायला खूप वेळ लावला, तिसऱ्याला त्याहून जास्त. साय धरली, चहा पार गार झाला, तरी त्यांनी तळाशी एक घोट तसाच राखून ठेवला.